निष्कलंकेच्या अंगणात

डिसेंबरचा पहिला आठवडा उजाडला की नाना पेठेत, क्वार्टर गेटच्या त्या कायम गजबजलेल्या भागात, संध्याकाळचा पोत थोडा बदलतो. रिक्षांचे भोंगे तेच, रस्त्यावरची धूळही तीच. पण सिटी चर्चच्या आवारातून नोव्हेनाचे सूर हलकेच बाहेर येतात आणि वाहत्या गर्दीतला एखादा पाय क्षणभर अडखळतो. स्वेटरात गुंडाळलेली मुले, पदर डोक्यावर घेतलेल्या बायका, कामावरून थेट आल्यामुळे हेल्मेट मांडीवर ठेवूनच मागच्या बाकावर टेकलेली माणसे. नऊ दिवसांची ही वाट चालून आपण ८ डिसेंबरला पोहोचतो, निष्कलंक गर्भसंभवाच्या सणाला. या चर्चचे खरे नावही तेच. पुणेकरांच्या जिभेने ते कधीच बाजूला ठेवले आणि सुटसुटीत 'सिटी चर्च' रूढ केले. पण सणाच्या दिवशी ते मूळ नाव पुन्हा वर येते आणि आपल्यासमोर उभे राहते.

निष्कलंक. शब्द उच्चारायला सोपा आणि पेलायला फार अवघड. आपल्या भाषेने चंद्रालाही कलंक चिकटवून ठेवला आहे, मग माणसाची काय कथा! पवित्र मरियेच्या जीवाला पहिल्या क्षणापासूनच आदिपापाचा स्पर्श झाला नाही, असे आपण मानतो. (हा सण येशूच्या नव्हे, मरियेच्या गर्भसंभवाचा आहे, हे दरवर्षी प्रवचनात सांगावे लागते, आणि दरवर्षी आपण मान डोलावून पुढच्या वर्षापर्यंत विसरून जातो.) पोप नववे पायस यांनी या श्रद्धेला धर्मसिद्धांताचे रूप दिले ते ८ डिसेंबर १८५४ रोजी. भक्ती मात्र त्याहून पुष्कळ जुनी. १६४६ साली पोर्तुगालचा राजा चौथा जॉन याने आपला मुकुट याच मातेच्या चरणी वाहिला आणि त्यानंतर त्या देशाच्या राजांनी मुकुट डोक्यावर चढवला नाही. पोर्तुगीज जिथे जिथे गेले तिथे तिथे हे नाव त्यांच्याबरोबर गेले. पणजीच्या पायऱ्यांवरून खाली पाहणाऱ्या चर्चचे नाव तेच, आणि घाट चढून पुण्याला आले तेही तेच.

पुण्यात ते ज्या वाटेने आले, ती मोठी मौजेची आहे. १७९२ साली सवाई माधवराव पेशव्यांनी या चर्चसाठी जागा दिली. पेशव्यांच्या फौजेत ख्रिस्ती शिपाई होते, आणि त्यांना प्रार्थनेसाठी जागा मिळावी म्हणून डॉम मिगेल द नोरोन्हा या पोर्तुगीज अधिकाऱ्याने खटपट केली. पेशवे तेव्हा जेमतेम अठरा वर्षांचे. म्हणजे शहरातल्या या पहिल्या चर्चचे पहिले भाविक संत नव्हते, पगारावर लढणारे शिपाई होते. छावणीत शिपाई जसे जगतात तसेच तेही जगत असणार. जमीन देणाऱ्याने त्यांच्याकडे चारित्र्याचा दाखला मागितला नाही आणि ज्या मातेच्या नावाने ती घेतली गेली तिनेही मागितला नसावा. निष्कलंकेचे अंगण पहिल्या दिवसापासून डागाळलेल्या पायांनीच तुडवले आहे. सव्वादोनशेहून अधिक वर्षे लोटली, पाय बदलले, चिखल तोच आहे.

या चिखलाबद्दल बोलायला सणाचा दिवस योग्य नाही, असे कुणी म्हणेल. आपल्याला वाटते, हाच योग्य आहे. एरवी आपण त्याबद्दल बोलतो ते मिस्सा संपल्यावर, फाटकाबाहेर, आवाज खाली आणून. फादर फार तापट आहेत. फादर दोनच कुटुंबांच्या घरी जेवायला जातात. हिशेब दाखवत नाहीत. प्रवचन गुगलवरून आणतात. फाटकापाशी एवढ्यावरच भागते. याहून गडद गोष्टी असतात, त्या तिथेही बोलल्या जात नाहीत. २०१८ साली अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यातला चौकशी अहवाल बाहेर आला आणि हजाराहून अधिक मुलांवर धर्मगुरूंनी केलेल्या अत्याचारांची जंत्री जगापुढे उलगडली, तेव्हा आपल्यापैकी कित्येकांनी वर्तमानपत्राचे ते पान मुलांच्या हाती लागू नये म्हणून घडी घालून ठेवले. मुलांना कळू नये म्हणून, की आपल्याला त्यांच्या प्रश्नाचे उत्तर देता येणार नव्हते म्हणून?

आणि दोष केवळ पांढऱ्या झग्याचा आहे असे तरी कुठे? आपल्या बाकांकडे एकदा नीट पाहावे. नगर, श्रीरामपूर, संगमनेर, जालन्याकडून पोटासाठी पुण्यात आलेल्या मराठी कुटुंबांना शहरातल्या बाकांवर सरकून जागा मिळायला किती वर्षे लागली, हे त्या कुटुंबांतल्या म्हाताऱ्यांना विचारावे. इंग्रजी मिस्सा सोयीच्या वेळेला आणि मराठी मिस्सा उरलेल्या वेळेला, ही वाटणी कुठल्या धर्मशास्त्रात आहे? येशूच्या एकाच शरीराचा प्रसाद घेऊन बाहेर पडलेली माणसे लग्न जुळवताना गावाकडची जात हळूच विचारतात. गायनवृंदात कुणाचा सूर वर राहावा, मिरवणुकीत माउलीच्या मूर्तीला कुणी खांदा द्यावा, यावरून दुरावलेली घरे एकाच रांगेत बसून शांतीची भेट देताना नेमकी उलट्या बाजूला वळतात. हे सगळे आपणच आहोत. 'चर्चमधली माणसे अशी असतात' हे वाक्य बोलणारा प्रत्येकजण चर्चमधलाच एक माणूस असतो.

मग टिकून का राहायचे?

हा प्रश्न या पेठेत अधिक टोकदार होतो. सिटी चर्चपासून चालत जाण्याच्या अंतरावर जोतीराव फुल्यांचा वाडा आहे. १८७३ साली सत्यशोधक समाज स्थापन करताना त्यांनी निर्मिक आणि माणूस यांच्यामध्ये मध्यस्थाची गरज नाही, हे तत्त्व मांडले. पुरोहितशाही या शब्दाला मराठीत जी धार आहे ती त्यांची. भट आणि पाद्री यांत फरक करावा असे आपल्याला मनापासून वाटते, पण पाद्र्याच्या हातून दुखावलेल्या माणसाला तो फरक कसा दाखवायचा? आणि मौज अशी, की खुद्द पोप फ्रान्सिस यांनी त्या २०१८च्या अहवालानंतर जगभरच्या कॅथॉलिकांना जे पत्र लिहिले, त्यात रोगाचे मूळ म्हणून पुरोहितशाहीकडेच बोट दाखवले. तिला खतपाणी धर्मगुरू घालतात तसेच सामान्य भाविकही घालतात, असेही त्यांनी बजावले. फादरच्या खुर्चीसमोर वाकून, त्यांच्या चुकीवर पांघरूण घालून, 'देवाचा माणूस आहे, बोलू नये' असे मुलांना शिकवून आपणच हा देव्हारा उभारला. फुले आज असते तर ते पत्र वाचून त्यांनी मिशीत हसून घेतले असते.

तरीही मध्यस्थ नकोच, असे आपण म्हणू शकत नाही. भाकरी कुणीतरी थापल्याशिवाय ताटात येत नाही, आणि थापणारे हात नेहमी स्वच्छ असतातच असे नाही. ख्रिस्तसभेने हा प्रश्न फार लवकर, फार रक्तबंबाळ होऊन सोडवला. सन ३०३मध्ये रोमन सम्राट डायोक्लेशियनने ख्रिस्ती लोकांचा छळ आरंभला आणि धर्मग्रंथ सरकारात जमा करण्याचा हुकूम काढला. उत्तर आफ्रिकेत काहींनी प्राण दिले, काहींनी ग्रंथ देऊन टाकले. छळ ओसरल्यावर प्रश्न उभा राहिला, की ज्यांनी ग्रंथ दिले त्यांच्या हातून झालेल्या दीक्षा, त्यांनी दिलेले बाप्तिस्मे खरे धरायचे का? डोनाटस आणि त्याचे अनुयायी म्हणाले, मुळीच नाही. मलिन हातातून पवित्र गोष्ट येऊ शकत नाही. हा वाद शंभर वर्षे चालला. ४११ साली कार्थेजमध्ये दोन्ही बाजूंचे शेकडो बिशप समोरासमोर बसले तेव्हा डोनाटसच्या पंथाला उत्तर देणाऱ्यांत पुढे होते हिप्पोचे बिशप ऑगस्टिन. त्यांचे म्हणणे असे, की बाप्तिस्मा पेत्राने दिला काय आणि यहुदाने दिला काय, खरा देणारा ख्रिस्तच. दगडी पाटातून पाणी बागेत जाते. पाटात काही उगवत नाही, पण बाग मात्र फुलते.

हा दाखला पुणेकराला समजावून सांगावा लागत नाही. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावांपासून थेट शनिवारवाड्यापर्यंत दगड-विटांचा बंदिस्त नळ बांधला गेला, आणि पेठांतले हौद त्या पाण्याने भरू लागले. हौदाच्या काठावर घागर भरणाऱ्या बाईने नळाचे दगड कुठल्या खाणीतले आणि गवंडी कोणत्या चालीचा, हे कधी विचारले नसेल. तहान दगडांची नव्हती आणि पाणीही त्यांचे नव्हते.

पण कात्रजच्या नळाची गोष्ट इथे संपत नाही, आणि ऑगस्टिनचा दाखला देऊन समाधान पावणाऱ्यांनी पुढचा भाग ऐकायलाच हवा. नळात गाळ साचतो. तो उपसावा लागतो. न उपसल्यास डोंगरातले पाणी कितीही निर्मळ असो, हौदात येते ते गढूळ, आणि एक दिवस येईनासे होते. 'संस्कार पवित्रच आहे, फादर कसे का असेनात' हे वाक्य आपल्याकडे कितीदा तरी कुदळ कोपऱ्यात ठेवून देण्यासाठी वापरले जाते. ऑगस्टिनने ते त्यासाठी लिहिले नव्हते. अर्थात ऑगस्टिनही सर्वस्वी बिनडाग नव्हते. याच डोनाटसपंथीयांवर सरकारने बळजबरी केली तेव्हा त्यांनी तिचे समर्थन केले, आणि पुढची कित्येक शतके त्या समर्थनाचा फार वाईट वापर झाला. ज्याच्या ओंजळीतून आपण हे पाणी पितो आहोत, त्या ओंजळीलाही गाळ लागलेला आहे.

८ डिसेंबरलाच आणखी एक घटना घडली होती, ती आपल्या सणाच्या गडबडीत सहसा आठवत नाही. दुसरी व्हॅटिकन परिषद १९६५ साली याच दिवशी समाप्त झाली. लॅटिन जाऊन मराठीत मिस्सा आली ती या परिषदेच्या कृपेने. ख्रिस्तसभा पवित्र असूनही तिला शुद्धीची सदैव गरज असते, हे परिषदेने आपल्या दस्तऐवजात लिहून ठेवले. निष्कलंकेच्या सणाच्या दिवशी सभेने आपल्या डागांची कबुली देऊन कामकाज आटोपावे, यात योगायोगापलीकडे काही असेल वा नसेल. पण त्या परिषदेनंतर मिस्सेच्या एका प्रार्थनेत एक इवलासा फरक झाला, त्यापाशी थोडे थांबावेसे वाटते. ख्रिस्तप्रसादापूर्वी, शांतीच्या भेटीच्या आधी, धर्मगुरू प्रभूला विनवतात की पापांकडे न पाहता आपल्या सभेच्या श्रद्धेकडे पाहा. जुन्या लॅटिन मिस्सेत हे वाक्य धर्मगुरू हलक्या आवाजात, स्वतःपुरते म्हणत, आणि तिथे शब्द होता 'माझ्या पापांकडे'. नव्या विधीत ते मोठ्याने, सर्वांच्या वतीने म्हटले जाते आणि शब्द झाला 'आमच्या पापांकडे'.

अनेकवचन उदार आहे, त्यात आपण सगळे सामावतो. पण खरे सांगायचे तर आपल्याला ते जुने एकवचन हवेहवेसे वाटते. 'आमची पापे' म्हटले की ती कुणा एकाची राहत नाहीत; पंचायतीच्या विहिरीसारखी सर्वांची होतात आणि म्हणूनच उपसायला कुणी जात नाही. वेदीपाशी उभा राहिलेला एक माणूस, पाठीमागे पाचशे लोक, आणि तो पुटपुटतो, माझी पापे पाहू नकोस, यांची श्रद्धा पाहा. पाठीमागच्या पाचशेंना ते ऐकूही येत नाही. त्या पुटपुटण्यात जे होते ते अजूनही प्रत्येक धर्मगुरूच्या ओठी आले, आणि प्रत्येक बाकावर आले, तर फाटकाबाहेरच्या कुजबुजीला फारसे काम उरणार नाही.

आपल्या आधीच्यांचीही काही फार वेगळी गत नव्हती. 'पूर्वीचे फादर देवमाणसे होती' असे ज्यांना वाटते त्यांनी १८५३ सालचे माहीम आठवावे. पोर्तुगीज राजाच्या पाद्रोआदोचा, म्हणजे चर्चवरच्या आश्रयदात्याच्या हक्काचा, अधिकार की रोमच्या प्रोपागांडा या धर्मप्रसार खात्याचा, या भांडणात सेंट मायकल चर्चचा ताबा कोणाकडे यावरून मुंबईचे कॅथॉलिक एकमेकांवर उठले. बिशप अनास्तासियस हार्टमन पंधरवडाभर चर्चमध्येच कोंडून बसले, बाहेरच्यांनी त्यांची रसद तोडली, आणि शेवटी कंपनी सरकारला मध्ये पडावे लागले. दोन्ही बाजूंचे लोक त्या दिवसांतही जपमाळ ओढतच होते. त्यांच्यापैकी कुणाचे तरी पणतू-खापरपणतू आज त्याच चर्चमध्ये बुधवारच्या नोव्हेनाला मेणबत्ती लावतात आणि पणजोबा कोणत्या बाजूचे होते हे त्यांना ठाऊकही नसते.

आणि चांगल्यांचा हिशेब मांडायचा तर तोही आपल्याच वहीत आहे. १९०३ साली फादर हेन्री डोरिंग या जर्मन येशूसंघीयाने नगर जिल्ह्यात 'निरोप्या' हे मराठी मासिक सुरू केले, पुढे ते पुण्याचे बिशप झाले. ग्रामीण ख्रिस्ती माणसाला त्याच्या भाषेत वाचायला काही मिळावे, हा ध्यास. फादर मॅथ्यू लेडर्ले यांनी शनिवार पेठेत स्नेहसदन उभारून पुण्याच्या विद्वानांशी मैत्र जोडले. फादर गी दलरी वारीबरोबर चालले आणि १९६०मध्ये विठोबावर ग्रंथ लिहिते झाले. फादर फ्रान्सिस दिब्रिटो वसईच्या हिरव्या जमिनीसाठी रस्त्यावर उतरले, 'सुबोध बायबल' लिहून त्यांनी मराठीला तिचे देणे दिले आणि २०२०मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषवले. २०२४च्या जुलैत ते गेले तेव्हा वसईत ख्रिस्ती नसलेल्यांचे डोळेही ओले झाले. तरी या नावांचा आधार घेऊन टिकून राहावे, असे आपल्याला वाटत नाही. चांगल्या फादरवर बेतलेली श्रद्धा वाईट फादरच्या येण्याने कोसळते. पाया तोच, फक्त विटेचा रंग वेगळा.

टिकून राहणाऱ्यांची नावे कुठे छापली जात नाहीत. आपल्या ओळखीत अशा एक आजी होत्या, नगरकडच्या, येरवड्याला मुलाकडे राहायला आलेल्या. तोच मुलगा गेला. त्याच्या दफनाच्या वेळी मागच्या वर्षांची वर्गणी बाकी असल्याचे कारण सांगून त्यांना दुपारभर ऑफिसच्या पायरीवर बसवून ठेवले गेले. कोणते ऑफिस, कोणते फादर, ते इथे सांगायचे नाही. आजींनीही कधी सांगितले नाही. पुढच्या रविवारी त्या मिस्सेला दिसल्या, फक्त पुढच्या बाकावरून उठून मागच्या खांबापाशी बसलेल्या. तुम्ही कशा येता, असे कुणी विचारले तेव्हा म्हणाल्या, "त्यो फादर पाच वर्सांनी बदलून जाईल. म्या कुटं जाऊ?" वर्षाअखेरीच्या सभेत त्यांनी हात वर केला, उभ्या राहिल्या आणि दफनभूमीच्या पैशांचा हिशेब मागितला. सभेत शांतता पसरली. हिशेब त्या वर्षी मिळाला नाही. दुसऱ्या वर्षीही त्यांनी हात वर केला, आणि तेव्हा त्यांच्याबरोबर आणखी चार हात वर झाले.

लोकांनी याला भाबडेपणा म्हटले, काहींनी हेकटपणा म्हटले. आपल्याला त्यात मालकीची जाणीव दिसते. घर ज्याचे असते तो गळणाऱ्या छपराखाली भांडे ठेवतो, कौले शाकारायला शिडी आणतो, घरमालकाशी भांडायला जात नाही, कारण मालक तोच असतो. धर्मगुरू हा घरातला जबाबदार माणूस खरा, पण घर त्याचे नाही. नारायण वामन टिळकांनी आयुष्याच्या शेवटी मिशनच्या चौकटीबाहेर पडून देवाचा दरबार मांडला, पंडिता रमाबाई इंग्लंडमधल्या वाँटेजच्या सिस्टरांशी पत्रोपत्री वाद घालत राहिल्या. दोघेही कॅथॉलिक नव्हते, पण मराठी मातीतला तो ताठपणा त्यांचा आणि आजींचा एकच. ख्रिस्त सोडायचा नाही, आणि ख्रिस्ताच्या नावाने कुणी काहीही सांगितले तरी माना डोलवायच्या नाहीत.

सणाच्या आदल्या संध्याकाळी कुठल्याही पॅरिशमध्ये पापनिवेदनाची रांग असते. शेजारच्या धर्मग्रामांतून दोन-तीन फादर मदतीला आलेले असतात. शाळकरी मुले आधी, हसू दाबत, मग बायका, मग दारापाशी घुटमळणारे, वर्षभरात पहिल्यांदाच आलेले बाप्ये. बाहेर माउलीच्या मूर्तीला मोगऱ्याचे आणि झेंडूचे हार चढत असतात, कुणीतरी दिव्यांच्या माळेचे जोड तपासत असतो. साडेआठ-नऊच्या सुमारास रांग आटते. किल्ल्यांचा जुडगा घेऊन पंखे बंद करायला आलेला माणूस मधल्या वाटेवर थबकतो. पाहुण्या फादरांच्या समोर, गुडघ्यांवर, आपल्या नेहमीच्या फादरांची पाठ दिसते. वाकलेली, झगा मागून थोडा चुरगळलेला. किल्ल्या वाजू नयेत म्हणून तो माणूस जुडगा मुठीत घट्ट धरतो आणि पावले न वाजवता पुन्हा बाहेर, झेंडूच्या पाट्यांपाशी, येऊन उभा राहतो.